कोल पोर्टरची गाणी: इतक्या रेकॉर्डिंग्जमधून ऐकायचं कुठलं?

निशिगंध_ठाणे

नमस्कार मंडळी. मागे इथे गर्श्विनवर छान चर्चा झाली होती, तेव्हापासून हे विचारायचं मनात होतं. मला कोल पोर्टरची, म्हणजे अमेरिकन संगीत नाटकांसाठी गाणी करणाऱ्या त्या गीतकार-संगीतकाराची, गाणी नीट बैजवार ऐकायची आहेत. आत्तापर्यंत सिनात्राचं 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन' आणि एला फिट्झजेराल्डचा तो मोठा अल्बम अर्धामुर्धा, एवढंच झालंय. पण तेवढ्यातच जाणवलं की या माणसाने शब्दही स्वतः लिहिलेत आणि चालही स्वतःच बांधलीये, आणि एक बाजूला काढून दुसरं ऐकताच येत नाही.

अडचण अशी की अॅपवर 'नाइट अँड डे' टाकलं की शेकड्याने व्हर्जन्स येतात, त्यात एकच रेकॉर्डिंग वेगवेगळ्या कव्हरखाली पुन्हा पुन्हा, काहींचा आवाज तोंडावर उशी दाबल्यासारखा, आणि साल बघावं तर १९३४ च्या गाण्यापुढे २०१३ लिहिलेलं. कुठलं अस्सल, कुठलं नंतर कुणीतरी गायलेलं, काही पत्ता लागत नाही. नाटकात ज्यांनी ही गाणी पहिल्यांदा म्हटली त्यांचे आवाज मिळतात का? पोर्टरचा स्वतःचा आवाज कुठे आहे का? आणि सुरुवात कुठून करावी?

अजून एक, माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला असते, तिच्या शाळेत यंदा पोर्टरचं 'एनीथिंग गोज' हे नाटक बसवतायत आणि तिला रीनोचं, म्हणजे नायिकेचं, काम मिळालंय. ती फोनवर सारखी विचारते, मावशी मी कुठलं ऐकू. तर तिच्यासाठीही सांगा.

सुईखालची_खरखर

निशिगंधताई, माझं ऐकाल तर गायक पकडू नका, एक गाणं पकडा आणि तेच वेगवेगळ्या सालांतलं ऐका. 'नाइट अँड डे'च घ्या, तुम्ही नाव काढलंच आहे.

हे गाणं १९३२ च्या 'गे डिव्होर्स' नाटकातलं, फ्रेड अस्टेअरसाठी लिहिलेलं. नाटक ब्रॉडवेवर लागलं त्याच नोव्हेंबरात अस्टेअरने ते लिओ राइसमनच्या ऑर्केस्ट्राबरोबर व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड केलं. पहिलं हे ऐका. अस्टेअरचा आवाज लहान, पट्टीही मोठी नाही, पण शब्द कुठे टाकायचा ते त्याला नाचणाऱ्याच्या अंगाने कळतं, आणि पोर्टरने गाणं लिहिताना हाच आवाज डोक्यात धरला होता, त्यामुळे ते त्याच्या गळ्यात बरोब्बर बसतं. मग त्याच अस्टेअरचं १९५२ चं ऐका, पियानोवादक ऑस्कर पीटरसन आणि मंडळींबरोबर, नॉर्मन ग्रान्झ या जॅझ निर्मात्याने केलेलं. तेव्हा अस्टेअर ५३ वर्षांचा होता, मागे छोटा जॅझ ग्रुप, घाई नाही, आणि वीस वर्षं एक गाणं अंगावर वागवल्यावर ते कसं होतं ते त्यात ऐकू येतं.

आता महत्त्वाची गोष्ट. या गाण्यांना मुख्य चाल सुरू व्हायच्या आधी प्रस्तावनेसारखा एक भाग असतो, त्याला व्हर्स म्हणतात. 'नाइट अँड डे'च्या व्हर्समध्ये पोर्टरने काय केलंय बघा, ढोलाचा ठोका, घड्याळाची टिकटिक, पावसाचं ठिबकणं असे शब्द आहेत आणि ते जवळजवळ सगळे एकाच सुरावर ठेवलेत, गाणारा तिथून हलतच नाही, खाली कॉर्ड्स मात्र सरकत राहतात, मग सूर अर्ध्या अर्ध्या पायरीने वर चढायला लागतो आणि तेव्हा कुठे मुख्य चाल उघडते. प्रेमात पडलेल्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट कशी घणघणत राहते ते त्या एका सुराने सांगितलंय. हा भाग काढून टाकला तर पुढची चाल छानच वाटते पण ती कुठून आली ते कळत नाही. आणि गंमत म्हणजे बहुतेक रेकॉर्डिंग्जमध्ये तो नसतोच, कारण ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं बसायची आणि डान्स बँडला नाचायला ठेका हवा असायचा, त्यामुळे कात्री पहिली व्हर्सवर.

म्हणूनच एलाचा १९५६ चा अल्बम अर्धामुर्धा सोडू नका, पूर्ण ऐका. ग्रान्झने व्हर्व्ह ही कंपनी काढली तिचा हा सुरुवातीचा मोठा अल्बम, दोन एलपी, ३२ गाणी, अरेंजमेंट बडी ब्रेगमनची, आणि तो तेव्हा पंचविशीत होता. त्यात बऱ्याच गाण्यांना व्हर्स ठेवलाय. शब्द इतके स्वच्छ की कागद समोर न घेता सगळं समजतं. काही लोक म्हणतात की एला फार सोज्वळ गाते आणि पोर्टरचा खट्याळपणा तिच्यात नाही. असं वाटत असेल तर त्यातलं 'मिस ओटिस रिग्रेट्स' लावा, नुसता पॉल स्मिथचा पियानो आणि ती. एका बाईने प्रियकराला गोळी घातली आणि जमावाने तिला फासावर दिलं ही बातमी, तीही नोकराच्या अदबीने, ताई आज जेवायला येऊ शकत नाहीत या सुरात सांगायची आहे. एला त्यात कुठेही रडत नाही की हसत नाही, आणि त्यामुळेच ते अंगावर येतं.

पोर्टरचा स्वतःचा आवाज आहे, हो. १९३४ च्या शेवटी आणि १९३५ च्या सुरुवातीला त्याने व्हिक्टरसाठी आपल्याच पियानोवर काही गाणी म्हटली. 'यू आर द टॉप' आणि 'एनीथिंग गोज' ही त्यातली दोन. आवाज पातळ, कोरडा, गायकाचा मुळीच नाही, पण प्रत्येक यमक कुठे पडतं, कुठल्या शब्दाआधी श्वास घ्यायचा, हे लिहिणाऱ्याकडूनच ऐकायला मिळतं. 'यू आर द टॉप' म्हणजे जगातल्या सगळ्या उत्तम गोष्टींची यादी, त्यात रोमचं कलोसियम आहे, मिकी माउस आहे, आणि १९३४ साली आपले महात्मा गांधीही आहेत. भाचीला हे नक्की ऐकवा, आजकाल ते गाणं पळवत म्हणतात, पोर्टर स्वतः किती निवांत म्हणतो बघा.

रसिक_सांगलीकर

वर खरखर यांनी छान लिहिलंय पण मी थोडा वेगळा विचार मांडतो. एला, सिनात्रा, सगळे थोर, पण ते नाट्यगीत मैफलीत ऐकल्यासारखं आहे. आपल्याकडे 'मानापमान' किंवा 'स्वयंवर'मधलं पद मैफलीत रंगतं, खुलतं, पण ते कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हणतंय हे सुटून जातं. पोर्टरचंही तेच झालंय. 'आय गेट अ किक आउट ऑफ यू' आपण प्रेमगीत म्हणून ऐकतो, नाटकात ते रीनो, म्हणजे एक नाइटक्लबची गाणारी बाई, जिला आयुष्यात कशाचीच नशा चढत नाही, ती अशा पुरुषाला म्हणते ज्याला तिच्यात रस नाही. एकदा हे माहीत झालं की मग सगळं गाणं बदलतं. म्हणून निदान एक नाटक सबंध ऐकायला हवं, आणि भाचीमुळे 'एनीथिंग गोज'च ऐका.

हे नाटक न्यूयॉर्कच्या अॅल्विन थिएटरात २१ नोव्हेंबर १९३४ ला लागलं, रीनो होती एथेल मर्मन. तेव्हा सबंध नाटकाचा अल्बम काढायची पद्धतच नव्हती, ती अमेरिकेत रुळली १९४३ च्या 'ओक्लाहोमा!'पासून. त्यामुळे १९३४ चं 'ओरिजिनल कास्ट' असं काही शोधायला गेलात तर मिळणार नाही, आणि तसं कुठे लिहिलेलं दिसलं तर जरा जपून. जे आहे ते सुटं सुटं. मर्मनने ब्रन्सविकसाठी जॉनी ग्रीनच्या ऑर्केस्ट्राबरोबर 'आय गेट अ किक' आणि 'यू आर द टॉप' रेकॉर्ड केली, ती मिळतात. जरूर ऐका. माइक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणारा आवाज कसा असतो ते त्यात कळतं, उच्चार असा की प्रत्येक व्यंजन ठोकून बसवलेलं.

सबंध ऐकायचं तर माझी पहिली पसंती कंडक्टर जॉन मॅक्ग्लिनने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन केलेलं, ईएमआयने १९८९ मध्ये काढलेलं. किम क्रिस्वेल रीनो, आणि होप या दुसऱ्या तरुणीचं काम ऑपेरातल्या फ्रेडेरिका फॉन श्टाडेने केलंय. मॅक्ग्लिनने १९३४ चा मूळ क्रम आणि रॉबर्ट रसेल बेनेट आणि हान्स स्पिअलेक यांची मूळ ऑर्केस्ट्रेशन्स परत उभी केली. अशी कामं त्या काळात शक्य झाली याचं एक कारण तुमच्या भाचीच्याच राज्यात आहे. १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या सिकॉकस इथल्या वॉर्नर ब्रदर्सच्या गोदामात पोर्टर, गर्श्विन, कर्न, रॉजर्स यांच्या हस्तलिखितांच्या आणि वाद्यवृंदाच्या कागदांच्या पेट्याच्या पेट्या सापडल्या, हरवल्या असं सगळे धरून चालले होते ती गाणी त्यात होती. एडिसनहून सिकॉकस गाडीने फार लांब नाही. तिला सांगा, आवडेल ऐकायला.

पण एक लक्षात घ्या, भाचीची शाळा १९३४ ची संहिता बसवत असणं जवळजवळ अशक्य. शाळांना मिळतात त्या नंतरच्या आवृत्त्या, १९६२ ची किंवा १९८७ ची, आणि दोन्हींत पोर्टरच्या दुसऱ्या नाटकांतली गाणी आणून घातलीयेत. 'इट्स डी-लव्हली' मूळ १९३६ च्या 'रेड, हॉट अँड ब्लू!'मधलं, 'फ्रेंडशिप' १९३९ च्या 'डुबॅरी वॉज अ लेडी'मधलं. तेव्हा तिला आधी स्क्रिप्टवर कुठलं साल आहे ते बघायला सांगा. १९८७ असेल तर लिंकन सेंटरच्या प्रयोगाचा अल्बम, पॅटी लुपोन रीनो. तिचं 'ब्लो, गेब्रिएल, ब्लो' ऐकून अंगात वीज भरते, पण शब्द कधी कधी गिळते ती, हे माझं मत. २०११ चा सटन फॉस्टरचा अल्बम शब्दांसाठी जास्त स्वच्छ, आणि ती नाचतही होती, त्यामुळे श्वास कुठे वाचवायचा हे शिकायला शाळेतल्या मुलीला तोच जास्त उपयोगी.

आणि हो, 'आय गेट अ किक'मध्ये कोकेनचा उल्लेख असलेली एक ओळ आहे, १९३६ च्या चित्रपटातच ती बदलून टाकली होती. शाळेत कुठली म्हणायची ते सरांना विचारून घ्यावं, कारण रेकॉर्डिंग्जमध्ये दोन्ही ऐकू येतात आणि पोरगी गोंधळेल.

पिंपळपान

मी जॅझवाली, त्यामुळे माझी यादी छोटी. शब्द, शब्द, शब्द सगळं खरं, पण पोर्टरची चाल शब्दांशिवायही उभी राहते हे विसरू नका. 'बिगिन द बिगीन' १९३५ च्या 'जुबिली' नाटकात आलं आणि फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, १०८ बारची (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) चाल, नेहमीच्या ३२ च्या तिपटीहून जास्त, कोण लक्षात ठेवणार. मग जुलै १९३८ मध्ये आर्टी शॉने ते ब्लूबर्ड कंपनीसाठी नुसत्या वाद्यांवर केलं, अरेंजमेंट जेरी ग्रेची, कंपनीला भरवसा होता दुसऱ्या बाजूच्या 'इंडियन लव्ह कॉल'वर, आणि लोकांनी तबकडी उलटून हेच डोक्यावर घेतलं. शॉचं क्लॅरिनेट ऐकताना चाल लांब आहे हे जाणवतसुद्धा नाही.

चार्ली पार्करचं शेवटचं स्टुडिओ काम, १९५४ चं, पोर्टरच्याच गाण्यांवर आहे. त्याच्या चाहत्यांना ते कमी वाटतं, मला नाही वाटत. आणि अनिता ओ'डेचा १९५९ चा बिली मेबरोबरचा अल्बम, जोरदार ब्रास, भराभर गाणी, हसत हसत गायलेली. खट्याळपणा हवा असेल तर तो इथे आहे, एलाकडे नाही. खरखर, यावर आपलं जमणार नाही :)

ध्वनिवेडा_पुणे

गायकांचं सगळ्यांनी सांगितलं, मी जरा शोधायचं कसं ते सांगतो, कारण ताईंचा निम्मा प्रश्न तोच आहे.

एकच रेकॉर्डिंग पन्नास कव्हरखाली का दिसतं, तर युरोपात १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंग्जवरचा कंपन्यांचा हक्क संपलाय, त्यामुळे तिथे कुणीही उठून तीच जुनी तबकडी नवीन नावाने काढू शकतं. काही जण हे काम जीव लावून करतात, चांगली तबकडी शोधतात, योग्य सुई, योग्य वेग, आणि खरखर तेवढीच काढतात जेवढी काढून आवाज शाबूत राहील. बाकीचे दुसऱ्याच्या सीडीवरून उचलतात आणि वरून मशीनने सगळी खरखर धुऊन टाकतात. ते तोंडावर उशीवालं जे म्हणताय ते यामुळे. शेलॅकच्या, म्हणजे ७८ च्या, तबकडीत स, श, ट, क असले उच्चार जिथे असतात तिथेच खरखरही असते, एक काढायला गेलं की दुसरं जातं, आणि पोर्टरच्या गाण्यात यमकाची टोकं नेमकी त्याच व्यंजनांवर उभी. त्यामुळे दोन प्रतींत निवड करायची तर थोडी खरखर असलेली घ्या. आठ-दहा सेकंदांत कान सवयीचा होतो.

पोर्टरच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग, म्हणजे माइक लावून, १९२५ पासून सुरू झालं आणि त्याचं नाव झालं १९२८ च्या 'पॅरिस' नाटकानंतर. १९१९ चं एखादं गाणं सोडलं तर त्याचं सगळं मोठं काम माइक आल्यानंतरचं, कर्न किंवा बर्लिनच्या जुन्या गाण्यांसारखं भोंग्यात ओरडून केलेलं नाही. म्हणजे चांगली प्रत मिळाली तर १९३२ चं रेकॉर्डिंगही आज आरामात ऐकवतं.

साल तपासायचं असेल तर अॅपवरच्या सालावर जाऊ नका, ते पुन्हा काढल्याचं साल असतं. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अमेरिकन जुन्या रेकॉर्डिंग्जचा एक मोठा कॅटलॉग ऑनलाइन आहे, फुकट, डीएएचआर नावाने शोधा. त्यात कोल पोर्टर टाकलं की कुणी, कुठल्या तारखेला, कुठल्या शहरात, कितवा टेक, मॅट्रिक्स नंबर (तबकडीवर कोरलेला रेकॉर्डिंगचा क्रमांक) काय, सगळं येतं. समजा 'फ्रेड अस्टेअर, नाइट अँड डे' दिसलं आणि सोबत राइसमनचं नाव नसेल, तर ते १९५२ चं असण्याची शक्यता आहे, तिथे ताडून बघायचं. एलपी आणि सीडीसाठी डिस्कॉग्ज, तिथे लोकांनी लेबलचे फोटोच टाकलेले असतात. यूट्यूबवर ज्या कंपन्यांनी स्वतः चढवलेल्या फाइली असतात त्यांच्याखाली डिस्क्रिप्शन उघडून बघायचं, लेबलचं नाव आणि वादकांची नावं पुष्कळदा तिथे असतात, नुसत्या फोटोवर गाणं लावलेल्या व्हिडिओपेक्षा ते कधीही बरं.

तुम्ही सिनात्राचं ऐकलंत ते कुठलं हेही बघून घ्या. 'अंडर माय स्किन' त्याने १२ जानेवारी १९५६ ला कॅपिटॉलसाठी केलं, नेल्सन रिडलची अरेंजमेंट, मधे मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन. मग १९६३ मध्ये स्वतःच्या रिप्रीज कंपनीसाठी तीच अरेंजमेंट परत. आणि १९६६ मध्ये काउंट बेसीबरोबर लास वेगासला लाइव्ह. अॅपवर तिन्ही सरमिसळ येतात. १९५६ चंच ऐका, आणि मोनो, म्हणजे एकाच वाहिनीतलं, ऐका. मूळ मोनोच आहे, नंतर कॅपिटॉलने ड्युओफोनिक नावाखाली जुन्या मोनोचं खोटं स्टीरिओ करून विकलं, त्यात आवाज दोन कानांत पसरतो आणि मधला दम निघून जातो. दोन मिनिटांच्या सुमाराला जे हळूहळू चढत जातं, ट्रॉम्बोन एकावर एक, आणि मग बर्नहार्ट फुटतो, ते मोनोमध्ये समोरून अंगावर येतं.

मुंबईत कुणी असेल तर चोर बाजारात अजून ७८ च्या इंग्रजी डान्स बँडच्या तबकड्या हाती लागतात, एचएमव्हीच्या दमदमच्या कारखान्यातल्या. घ्यायच्या असतील तर उजेडात तिरकी धरून बघायची, खोबणी करड्या पडल्या असतील तर सोडून द्यायची, कितीही आवडतं गाणं असलं तरी. आणि एलपीच्या सुईने ७८ अजिबात वाजवू नका, तिची खोबण रुंद असते, बारीक सुई तळाला घासत जाते आणि नुसती खरखरच ऐकू येते.

निशिगंध_ठाणे

अरे बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार सगळ्यांचे.

राइसमनबरोबरचं अस्टेअरचं ऐकलं आणि लगेच एलाचं व्हर्ससकट ऐकलं. तो एका सुराचा भाग माझ्या कानावरून आधी गेलाच असणार पण ऐकला नव्हता, आता तो सुरू झाला की पोटात काहीतरी होतं. पोर्टरचं स्वतःचं 'यू आर द टॉप'ही मिळालं, गांधींपाशी भाची फोनवर ओरडलीच. तिच्या स्क्रिप्टवर १९८७ आहे. सटन फॉस्टरचं ऐकायला लावलंय, लुपोनचं तिने स्वतःच आधी शोधलं होतं आणि तिला तेच जास्त आवडतं, मी काही बोलले नाही.

आता दोन प्रश्न. अॅपवर पोर्टरच्या 'किस मी, केट' या नाटकाचे दोन अल्बम दिसतायत, दोन्हींवर ओरिजिनल कास्ट, दोन्हींत तीच नावं, आवाज मात्र वेगळा. कुठला खरा? आणि कमी प्रसिद्ध गाणी कुणाकडे ऐकायची?

सुईखालची_खरखर

कमी प्रसिद्ध गाण्यांचं आधी सांगतो कारण ते माझ्या जवळचं. ली वायली. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या लिबर्टी म्युझिक शॉपने तिच्याकडून पोर्टरची आठ गाणी करून घेतली, चार तबकड्यांचा संच, काहींत मागे बनी बेरिगनचा ट्रम्पेट. एका संगीतकाराला धरून सबंध संच काढायचा ही कल्पना एलाच्या सोळा वर्षं आधी तिने केली होती, गर्श्विनपासून सुरुवात करून. आवाजात किंचित धूर, कंप, आणि 'हॉट-हाउस रोझ'सारखं गाणं, कारखान्यात मजुरी करणाऱ्या मुलीचं, जे कुणी फारसं गात नाही. पोर्टर म्हणजे नुसती शॅम्पेन आणि पार्ट्या असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं.

दुसरा बॉबी शॉर्ट, गाणारा आणि स्वतः पियानो वाजवणारा. न्यूयॉर्कच्या कॅफे कार्लाइलमध्ये १९६८ पासून २००४ पर्यंत तो गायला, आणि १९७१ चा त्याचा दोन एलपींचा पोर्टर अल्बम म्हणजे नेहमीच्या पंधरा गाण्यांपलीकडचा पोर्टर. छोट्या खोलीत, समोर बसलेल्या माणसाला सांगितल्यासारखं गातो, यमक आलं की डोळा मारल्यासारखं वाटतं. पिंपळपान, तुमच्या खट्याळपणासाठी माझं उत्तर हे, अनिता ओ'डे नाही.

रसिक_सांगलीकर

'किस मी, केट'चे दोन्ही खरे आहेत ताई, म्हणून तर घोटाळा होतो. नाटक ३० डिसेंबर १९४८ ला लागलं, १०७७ प्रयोग झाले, आणि सर्वोत्तम म्युझिकलचा पहिला टोनी पुरस्कार १९४९ मध्ये त्यालाच मिळाला. पहिला अल्बम कोलंबियाचा, १९४९ चा, मोनो, एलपी बाजारात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाचा. मग १९५९ मध्ये कॅपिटॉलने स्टीरिओसाठी आल्फ्रेड ड्रेक, पॅट्रिशिया मॉरिसन, लिसा कर्क आणि हॅरॉल्ड लँग या चारही मुख्य नटांना पुन्हा स्टुडिओत बोलावून सगळं परत करून घेतलं. कव्हरवर नावं तीच दिसणार. लेबल कोलंबिया की कॅपिटॉल एवढंच बघायचं.

१९५९ चं कानाला जास्त गोड, ऑर्केस्ट्रा छान पसरलेला. पण मी १९४९ चंच सांगेन. रोज रात्री प्रयोग करत असलेल्या माणसांचे आवाज आहेत ते, लोक कुठे हसतात हे त्यांच्या अंगात मुरलेलं, आणि तरीही गाणी तिथे थांबत नाहीत, पुढे जातात. मॉरिसनचं 'सो इन लव्ह' त्यात ऐका. १९३७ मध्ये घोडा अंगावर पडून पोर्टरचे दोन्ही पाय चिरडले होते, पुढे वर्षानुवर्षं ऑपरेशनं चालू होती, मधली काही नाटकं पडली, लोक म्हणायला लागले की पोर्टर संपला, आणि त्यानंतर वयाच्या ५७ व्या वर्षी त्याने हे लिहिलं. १९५८ मध्ये उजवा पाय कापावा लागला, मग मात्र त्याने नवीन गाणं लिहिलं नाही.

सबंध संगीत एकही तुकडा न गाळता हवं असेल तर इथेही मॅक्ग्लिन आहे, १९९० चं, थॉमस हॅम्प्सन आणि जोसेफिन बारस्टो. हॅम्प्सन उत्तम, बारस्टोचा आवाज मला त्या भूमिकेला जड वाटतो. १९५३ च्या चित्रपटाच्या साउंडट्रॅकने सुरुवात नका करू, त्यात शब्द बरेच सौम्य केलेत. त्यातलं 'फ्रॉम धिस मोमेंट ऑन' तेवढं ऐका, ते मूळ १९५० च्या 'आउट ऑफ धिस वर्ल्ड'मधून गाळलेलं गाणं, चित्रपटात आणलं आणि तिथून पुढे सगळे गायला लागले.

ध्वनिवेडा_पुणे

कोलंबियाच्या १९४९ वाल्याबद्दल एक भर. तो एलपीवर आणि ७८ च्या संचावर, दोन्ही रूपांत निघाला होता, आणि नेटवर दोन्हींवरून केलेल्या प्रती फिरतायत. गाण्याच्या मधे तीन-चार मिनिटांनी आवाजाचा पोत एकदम बदलला, किंवा गाणं तुटून परत सुरू झाल्यासारखं वाटलं, तर ती ७८ वरची प्रत समजा आणि दुसरी शोधा. कंपनीची अधिकृत सीडी नंतर निघाली, तीच अॅपवर कोलंबियाच्या नावाने असते. ताई, 'टू डार्न हॉट' लावून बघा, लॉरेन्झो फुलरचं. सुरुवातीलाच ठेका स्वच्छ ऐकू आला तर प्रत बरोबर आहे.